भाड्याच्या ई-स्कूटरवरून जोतिबा आणि पन्हाळा, मागं आई

"एका चार्जात शंभर किलोमीटर जातीया ताई, बिनघोर जावा," दुकानातला मुलगा म्हणाला. मला जायचं होतं जोतिबाला आणि तिथून पन्हाळ्याला. मागं बसणार होती माझी ७१ वर्षांची आई. मी बार्शीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. शंभर किलोमीटर हा आकडा सपाट रस्त्यावरचा, एकट्या माणसाचा आणि सावकाश चालवण्याचा असतो, एवढं मला ठाऊक होतं. पण डोंगर चढताना, दोघी बसलेल्या असताना त्यातले किती उरतात, ते मला कुठंच वाचायला मिळालं नव्हतं. म्हणून बॅटरी कुठं किती होती, कुठं अडलं, दुकानात काय बघून घ्यायला हवं, ते सगळं इथं सविस्तर लिहिते. माझ्यासारखी एखादी आईला घेऊन निघाली असेल तर तिला उपयोग व्हावा.

जोतिबा आमचं कुलदैवत. आई लहान असताना आजोबांबरोबर चैत्र यात्रेला यायची, ट्रकमध्ये बसून, गावातली पंचवीस-तीस माणसं एकत्र. लग्नानंतर ती दोनदा आली, दोन्ही वेळा एसटीनं. एसटीनं गेलं की डोंगरावर उतरायचं, दर्शन घ्यायचं आणि परतीची गाडी धरायची. वाटेतलं काही दिसत नाही. "मला दर्शन तर हवंच, पण ती वाटपण बघायचीय," हे ती गेली चार-पाच वर्षं म्हणत होती. आम्ही आधी भाड्याची मोटार विचारली. दिवसाचे २४०० रुपये, जोतिबावर दोन तास, पन्हाळ्यावर दोन तास, मधे थांबणं नाही. आई म्हणाली, "त्यानं घड्याळ बघत बसायचं आणि मी जीव मुठीत धरून देव बघायचा, नको." बार्शीत मी रोज स्कूटर चालवते, पेट्रोलची. घाटात कधी नेली नव्हती. कोल्हापुरात भाड्यानं विजेची स्कूटर मिळते हे एका सहकाऱ्याकडून कळलं, आणि जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मंगळवार-बुधवार धरून आम्ही निघालो. रविवार मुद्दाम टाळला. रविवार हा जोतिबाचा वार, त्या दिवशी डोंगरावर गाडी लावायला जागा शोधण्यातच वेळ जातो. अंबाबाईच्या किरणोत्सवालाही अजून काही दिवस होते, त्यामुळे शहरातही चेंगराचेंगरी नव्हती.

दुकान शाहूपुरीत, रेल्वे स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. २४ तासांचं भाडं ६५० रुपये, अनामत २०००, किलोमीटरची मर्यादा नाही. आधारची प्रत ठेवून घेतली, लायसन्स मूळ बघून परत दिलं. लायसन्सबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण पुष्कळ जणांचा समज असतो की विजेच्या गाडीला लायसन्स लागत नाही. ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या, २५० वॅटपर्यंतच्या मोटरच्या गाडीला लागत नाही, हे खरं. पण ती गाडी दोघींना घेऊन जोतिबाचा घाट चढणार नाही. घाटासाठी नोंदणी झालेली मोठी गाडीच हवी, आणि तिला लायसन्स, विमा, हेल्मेट सगळं लागतं. पीयूसी तेवढं लागत नाही. नंबरप्लेटही बघून घ्या. विजेच्या खासगी गाडीची पाटी हिरवी आणि अक्षरं पांढरी असतात. भाड्यानं द्यायच्या गाडीची पाटी हिरवी आणि अक्षरं पिवळी. पांढऱ्या अक्षरांची गाडी कुणी भाड्यानं देत असेल तर ती त्याची घरची गाडी आहे. काही घडलं तर विम्याच्या वेळी अडचण होईल, म्हणून अशी गाडी घेऊ नका. आम्हाला मिळालेली पाटी पिवळ्या अक्षरांची होती आणि विम्याची मुदत चालू होती.

गाडी ताब्यात घ्यायला मला पाऊण तास लागला आणि त्यातला एकही मिनिट वाया गेला असं मला वाटत नाही. मागच्या चाकात हवा कमी होती. अंगठ्यानं दाबलं तर टायर आत जात होता. मी म्हटलं, मागं माणूस बसणार आहे, हवा भरून द्या. मुलानं लगेच शेजारच्या पंक्चरवाल्याकडे नेऊन भरून आणली. ब्रेक दोन्ही ठीक. डाव्या बाजूला खाली एक लांब ओरखडा होता. मी चारी बाजूंनी फोटो काढले आणि काढताना त्याला दाखवले. या फोटोंचा पुढं उपयोग झाला.

माझी खरी तक्रार हेल्मेटची. एक चांगलं दिलं. दुसऱ्याचा पट्टा तुटलेला होता, नुसता डोक्यावर ठेवायचा. मुलगा म्हणाला, "आज्जींना काय लागतंय, मागं तर बसायचंय." कायद्यानं मागच्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी पडताना मागचं माणूस आधी पडतं. मी दुसरं हेल्मेट मिळाल्याशिवाय गाडी हलवणार नाही असं सांगितलं. वीस मिनिटांनी त्यानं कुठून तरी पट्टा धड असलेलं आणलं. आईला ते थोडं सैल होतं, म्हणून तिनं आत डोक्याला सुती पंचा बांधला. जो माणूस दिवसाला दहा-बारा गाड्या डोंगरावर पाठवतो, त्यानं गाडीमागं दोन चांगली हेल्मेटं ठेवलीच पाहिजेत. पन्नास रुपये भाडं जास्त घ्या, पण ही गोष्ट गिऱ्हाइकाला मागावी लागू नये.

पहिला दिवस शहरात घालवला, तो मुद्दाम. नव्या गाडीवर आईला मागं बसवून थेट घाटात जायचं नव्हतं. कोल्हापूर शहर अगदी सपाटही नाही. गंगावेशीपासून पंचगंगेच्या घाटाकडे चांगला उतार आहे, टेंबलाईची टेकडी आहे, विद्यापीठाच्या बाजूला चढ आहेत. टेंबलाईच्या चढावर गाडीची परीक्षा घेतली. विजेच्या गाडीला चढावर पेट्रोलच्या गाडीसारखी घरघर करावी लागत नाही. मोटर थांबलेल्या अवस्थेतूनच पूर्ण जोर लावू शकते, त्यामुळे चढावर मधेच थांबून पुन्हा निघताना ती मागं घसरत नाही, गचकेही बसत नाहीत. हे मी वर्गात दरवर्षी शिकवते, पण आई माझ्या खांद्याला धरून मागं बसलेली असताना पहिल्यांदा अनुभवलं. आईनं विचारलं, "गाडी बंद पडली का?" इतकी ती शांत होती.

ही शांतता शहरात मात्र सांभाळावी लागते. मंगळवार पेठेच्या गल्ल्यांत मागून गाडी येतेय हे कुणाला ऐकूच जात नाही. पोरं, म्हशी, पाटीवाल्या बाया, सगळे आपल्याच नादात असतात. मी सावकाश चालवली आणि वळणावर हॉर्न दिला. अंबाबाईच्या देवळाकडे जाताना महाद्वार रोडवर गाडी घालू नका. बिंदू चौकाच्या बाजूला लावून भवानी मंडपातून चालत आत जा. संध्याकाळी रंकाळ्याला एक फेरी मारली, शालिनी पॅलेसच्या बाजूनं. आईनं भेळ खाल्ली. दिवसभरात २६ किलोमीटर झाले आणि बॅटरी १०० वरून ७१ वर आली. शहरात दोघींना एका टक्क्यात एक किलोमीटरही धड जात नाही, हा पहिला धडा.

रात्री चार्जिंगवरून लॉजवर अडलं. खोलीत चार्जर लावू देणार नाही, म्हणाले. ते मला पटलं. खोलीत गादीशेजारी रात्रभर चार्जर चालू ठेवणं मलाही नको होतं. पण खाली पार्किंगमध्येही सॉकेट नाही, असं सांगितलं, आणि बुकिंग करताना मात्र फोनवर "होय, सोय आहे" म्हणाले होते. शेवटी राखणदारानं त्याच्या पंख्याच्या बोर्डातून एक वायर काढून दिली. ती वायर बारीक होती. चार्जर ७५० वॅटचा, म्हणजे २३० व्होल्टला साधारण सव्वातीन अँपिअर. घरच्या पाच अँपिअरच्या सॉकेटला हे झेपतं, पण गुंडाळी केलेल्या बारीक एक्स्टेन्शनला नाही. मी वायर पूर्ण उलगडून जमिनीवर पसरायला लावली, अर्ध्या तासानं हात लावून बघितली, थोडी कोमट होती, तेव्हा झोपायला गेले. पहाटे बॅटरी १०० होती. विजेचे म्हणून राखणदाराला ५० रुपये दिले. लॉज ठरवताना "चार्जिंग आहे का" एवढंच विचारू नका. "पार्किंगमध्ये सॉकेट कुठं आहे, त्याचा फोटो पाठवा" असं विचारा.

आता मुख्य गोष्ट, घाटाचा हिशेब. आदल्या रात्री मी तो वहीत मांडला होता. गाडी सुमारे १२० किलो, मी, आई आणि पिशवी मिळून आणखी १२०. एकूण २४० किलो. कोल्हापूर ते जोतिबाचा डोंगर, उंचीतला फरक साधारण ४०० मीटर. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार केला की साडेनऊ लाख जूलच्या आसपास येतो. एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल. म्हणजे आम्हा दोघींना आणि गाडीला जोतिबाच्या माथ्यावर उचलायला जेमतेम पाव युनिट. मोटर आणि वायरींतला तोटा धरून पाव युनिटाच्या जरा वर. बॅटरी तीन युनिटांची. मला स्वतःला हा आकडा बघून बरं वाटलं. डोंगर चढायला वाटते तेवढी ऊर्जा लागत नाही, बॅटरी जास्त खातो तो सपाटीवरचा वेग आणि वारा. आईला सांगितलं, "तुला देवाजवळ न्यायला अकरा टक्के लागतील." ती म्हणाली, "आणि खाली आणायला?" मी म्हटलं, "बहुतेक काहीच नाही."

सकाळी साडेसहाला निघालो. थंडी होती, आईनं शालीवरून स्वेटर घातला होता. शिवाजी पुलावरून पंचगंगा ओलांडली. पाण्यावर धुकं होतं, आणि आईनं पहिल्यांदा माझ्या पाठीवर थाप मारली: "थांब गं." नवा पूल ओलांडून कडेला गाडी घेतली. तिला जुन्या पुलाच्या कमानी बघायच्या होत्या. आजोबांचा ट्रक त्या पुलावरून जायचा आणि सगळी माणसं पाण्यात नाणी टाकायची. तिनं पर्समधून दोन रुपयांचं नाणं काढलं, पुलावर परत चालत गेली आणि टाकून आली. दहा मिनिटं गेली. कुणी घाई केली नाही.

रत्नागिरी रस्त्यानं केर्लीपर्यंत सपाट जायचं, सुमारे दहा किलोमीटर. हा पट्टा खरा सांभाळायचा आहे, घाटापेक्षाही. जानेवारी म्हणजे उसाचा गाळप हंगाम. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी ऊस बाहेर आलेला, आणि पडलेली कांडी रस्त्यावर. दुचाकीचं पुढचं चाक कांडीवर गेलं तर घसरतं. मी ताशी ३५ च्या वर गेले नाही आणि ट्रॉलीला ओव्हरटेक करताना समोरचा रस्ता लांबपर्यंत रिकामा असल्याशिवाय गेले नाही. केर्ली फाट्याला बॅटरी ८८.

तिथून उजवीकडे जोतिबाचा रस्ता. गाडीला तीन मोड होते. मी सगळ्यात कमी जोराचा मोड ठेवून चढ सुरू केला. सुरुवातीला ताशी ३० मिळत होते. पहिल्या खड्या वळणावर गाडी २२ वर आली आणि मला वाटलं, आता दमली. मधला मोड लावला, लगेच सावरली. घाटात दोघी असाल तर कमी जोराच्या मोडचा हट्ट धरू नका. मोटर कमी वेगात जोर लावत राहिली की तापते, आणि तापली की गाडी स्वतःहून जोर कमी करते. मधला मोड, स्थिर २८ ते ३०, हे आम्हाला सगळ्यात चांगलं लागलं.

गायमुखाजवळ दुसरी थाप. इथं थांबायचंच होतं, हे मला माहीत होतं. लहानपणी आईचा सगळा जथा इथं हातपाय धुऊन, डोक्यावर टॉवेल टाकून वर चढायचा. ट्रक खालीच ठेवायचे. ती तलावाच्या काठाला जाऊन बराच वेळ उभी राहिली. मी गाडी कडेला लावून बाजूला थांबले. ती परत आली तेव्हा डोळे ओले होते आणि म्हणाली, "हे झाड नव्हतं तेव्हा." नंतर पुढं एका वळणावर पुन्हा थांबलो, तिथून खाली करवीर तालुक्यातले उसाचे फड, मधून चकाकणारी नदी आणि लांब शहर दिसतं. एसटीत बसून हे दिसलं नव्हतं, कारण ती दोन्ही वेळा उजव्या बाजूच्या खिडकीला नव्हती. इतकं साधं कारण.

वर पोचलो तेव्हा बॅटरी ६८. केर्लीपासून वीस टक्के, त्यातले चढाचे अकरा आणि अंतराचे नऊ. वहीतला आकडा जुळला, आणि मला ते आईला सांगायचं होतं, पण ती देवळाकडे उतरायच्या पायऱ्यांवर पुढं गेली होती.

दर्शनाबद्दल जास्त लिहीत नाही, ते ज्याचं त्याचं असतं. बुधवारी सकाळी साडेआठला रांग छोटी होती. दवणा, खोबरं आणि गुलाल घेतला. बाहेर आल्यावर आईच्या पांढऱ्या केसांत गुलाल होता आणि तिनं तो दिवसभर पुसू दिला नाही. हेल्मेटच्या आतल्या पंचाला लागलेला गुलाल अजून निघालेला नाही. १७३० च्या सुमारास राणोजी शिंद्यांनी बांधलेलं हे दगडी देऊळ सकाळच्या तिरप्या उन्हात बघायला मिळालं, कारण आम्ही आमच्या वेळेनं आलो होतो.

तिथून पन्हाळ्याला जाताना आधी वाघबीळपर्यंत उतार, मग पुन्हा चढ. उतारावर गाडीनं ब्रेकमधून परत मिळवलेली वीज स्क्रीनवर दिसते. ६८ वरून वाघबीळला ६५, म्हणजे सात-एक किलोमीटरला अवघे तीन टक्के. उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका. नुसता हात सोडला की मोटरच गाडी आवरते, आणि तेव्हाच बॅटरी भरते. एक मात्र लक्षात ठेवा: बॅटरी पूर्ण १०० असताना हे होत नाही, कारण वीज साठवायला जागाच नसते. तेव्हा गाडी जास्त मोकळी पळते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. डोंगरावर मुक्काम करून तिथंच पूर्ण चार्ज करून सकाळी उतरणार असाल, तर ९० ला चार्जर काढा. दुकानात हे कुणी सांगितलं नाही, सांगायला हवं होतं.

बुधवार पेठ ओलांडून गडावर शिरलो. २०२१ च्या जुलैत अतिवृष्टीत याच गडावर जाणारा रस्ता खचला होता आणि कित्येक महिने गाड्या वर जात नव्हत्या. आता रस्ता भक्कम आहे. नाक्यावर नगरपरिषदेची पावती फाडावी लागते. गडावर बॅटरी ५० च्या खाली, ४९.

इथं मला थोडी काळजी वाटली. परतीचे वीस-एकवीस किलोमीटर, शिवाय गडावर फिरणं, आणि पन्हाळा मोठा गड आहे. सज्जाकोठी एका टोकाला, तीन दरवाजा दुसऱ्या बाजूला, अंबरखाना मधे. पायी फिरायचं तर दिवस जातो आणि आईचे गुडघे. हिशेबानं पुरत होती, पण माझा हिशेब घरच्या वहीतला आणि रात्री रस्त्यावर अडकायला आई बरोबर. सुदैवानं मी दुकानातून चार्जर मागून बरोबर घेतला होता. सीटखालची सगळी जागा तोच खातो, आईची पिशवी पुढं पायाशी ठेवावी लागली. तीन दरवाज्याच्या बाजूला एक मावशी चुलीवर भाकरी थापत होत्या. पिठलं, भाकरी, खर्डा, मडक्यातलं दही. मी विचारलं, "मावशी, गाडीला थोडं चार्जिंग लावू का? विजेचे पैसे देते." त्या म्हणाल्या, "लावा की. मोबाइलला लावत्यात तसंच न्हवं?" त्यांनी फ्रिजचा प्लग काढून आम्हाला जागा दिली. मी नको म्हटलं, फ्रिजमध्ये त्यांचं दूध होतं. शेवटी दुसरा बोर्ड सापडला. आम्ही पाऊण तास जेवलो. आई आणि मावशी यांचं चुलीच्या धुरावरून आणि सुनांवरून बोलणं चाललं होतं. उठलो तेव्हा बॅटरी ६४. वीस रुपये दिले ते मावशींनी परत केले. मग आईनं जोतिबाचा प्रसाद, खोबरं आणि दवण्याची काडी त्यांच्या हातात ठेवली, ती त्यांनी कपाळाला लावून घेतली.

तीन दरवाजा, अंधारबाव, अंबरखाना, सज्जाकोठी, सगळीकडे आईला अगदी जवळ नेता आलं. बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी ती खाली उतरली, चप्पल काढली आणि नमस्कार केला. १६६० च्या जुलैतली ती पावसाची रात्र, वेढा, शिवा काशीद, हे सगळं तिला तोंडपाठ आहे. तिनंच मला लहानपणी सांगितलेलं. ती म्हणाली, "एवढा डोंगर आणि पाऊस, पालखी खांद्यावर घेऊन पळाले ते." मग सज्जाकोठीच्या सज्जातून समोर जोतिबाचा डोंगर दिसला. "तिथनं आलो आपण?" तिनं विचारलं. बोटानं दाखवत वाट शोधली. गेल्या वर्षीच्या जुलैत, म्हणजे २०२५ मध्ये, हा गड इतर अकरा किल्ल्यांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. आता गर्दी वाढेल, आणि अरुंद रस्त्यांवर मोटारींची रांग लागेल. दुचाकीनं, त्यातही धूर आणि आवाज नसलेल्या दुचाकीनं येणं या गडाला जास्त मानवेल असं मला मनापासून वाटतं. नगरपरिषदेनं वाहनतळावर दोन-चार चार्जिंगचे बोर्ड बसवले तर माझ्यासारख्या लोकांना मावशींचा फ्रिज बंद करायची वेळ येणार नाही.

परत निघताना ५७. पायथ्याशी वाघबीळला, ५७. सबंध उतार एकाही टक्क्याशिवाय. आईला मी गाडी थांबवून स्क्रीन दाखवली. "म्हणाली होतीस तसंच झालं," ती म्हणाली.

वडणग्याच्या आधी एका गुऱ्हाळाचा धूर दिसला आणि तिसरी थाप पडली. काहिलीत रस उकळत होता, चुलवाणात चिपाडं ढकलत होते. गुळव्यानं आईला पत्र्याच्या वाटीत गरम काकवी दिली. एक किलोची ढेप घेतली. अंधार पडायच्या आत शहरात शिरायचं मी ठरवलं होतं, कारण रात्री त्या ट्रॉल्यांना मागं दिवाही नसतो. साडेसहाला शाहूपुरीत. बॅटरी ४०. दिवसभरात ५६ किलोमीटर. गडावर भरलेले १५ टक्के त्यात मिळवले तर ७५ टक्के खर्च झाले. म्हणजे दोन माणसं, दोन डोंगर, तर शंभर किलोमीटरच्या जागी ७५ धरा. त्यातलेही १५ राखीव ठेवा.

परत देताना दुकानात दुसरा मुलगा होता. त्यानं डाव्या बाजूचा ओरखडा दाखवून अनामतीतून ५०० कापायचे म्हटलं. मी आदल्या दिवशीचे फोटो काढून दाखवले. तारीख-वेळ त्यावर होतीच. पाच मिनिटांत पूर्ण २००० परत मिळाले आणि मुलानं माफी मागितली, मी ती मनापासून घेतली. पण फोटो नसते तर मी ५०० रुपये गमावले असते, हेही तितकंच खरं. गाडी उत्तम, भाडं रास्त, किलोमीटरची मर्यादा नाही, हे सगळं चांगलं. हेल्मेट, हवा आणि उताराची सूचना या तीन गोष्टी त्यांनी सुधाराव्यात, हे मी तिथंच त्यांना वहीच्या पानावर लिहून दिलं आणि त्यानं ते काउंटरच्या काचेखाली ठेवलं.

आई बाकड्यावर बसून हे सगळं ऐकत होती. निघताना तिनं त्या मुलाला विचारलं, "चैत्रात मिळंल का रे ही गाडी? यात्रेला यायचंय."

"चैत्रात नको आज्जी," तो म्हणाला, "यात्रेत डोंगरावर गाड्या सोडत न्हाईत. तुम्ही वैशाखात या, हेल्मेट नवीन घेऊन ठेवतो."